मॉनिटरवर सगळं मोठं, चपटं नाहीतर धूसर दिसून राहिलं? दुसरा घ्यायच्या आधी हे करून पाहा

जुन्या सीपीयूला सेकंडहँड मॉनिटर लावला, किंवा दुकानातून विंडोज नव्यानं टाकून आणली, आणि चालू करून पाहतो तर आयकॉन एवढे मोठे मोठे, अक्षरं पसरट, फोटोतली माणसं जाडी झालेली. आपल्या नागपुरात अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो, "मॉनिटर गेला भाऊ, बर्डीवर जा अन् दुसरा घेऊन ये." थांबा बाप्पा. मॉनिटर खराब होतो तेव्हा उभ्या रंगीत रेषा येतात, काळे डाग पडतात, चालू होऊन दोन सेकंदात बंद होतो. नुसता आकार चुकला असेल, चित्र धूसर असेल, बाजूला काळ्या पट्ट्या असतील किंवा कडा कापल्या जात असतील तर मॉनिटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो, कॉम्प्युटर त्याला चुकीच्या मापाचं चित्र पाठवून राहिला असतो एवढंच. हे घरबसल्या सुधारता येतं आणि त्यासाठी इंजिनिअर असायची काही गरज नाही, फक्त क्रम सोडायचा नाही. बहुतेक लोक क्रम सोडून भलतीकडेच जातात, आधी केबल बदलतात, मग विंडोज फॉरमॅट मारतात, आणि शेवटी कळतं की सेटिंगमध्ये एक आकडा निवडायचा राहिला होता.

मी खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहून राहिलो. मेनूतली नावं इकडेतिकडे थोडी वेगळी दिसतील पण रस्ता तोच आहे.

सगळ्यात आधी तुमच्या मॉनिटरचा खरा आकडा शोधा

आजकालच्या मॉनिटरच्या काचेमागे ठिपक्यांची जाळी असते, ती कारखान्यातच ठरते, नंतर कमीजास्त होत नाही. १९२०×१०८० म्हणजे एका आडव्या ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी, एकूण २० लाखांच्या वर ठिपके. ह्या मापाला नेटिव्ह रेझोल्यूशन म्हणतात. कॉम्प्युटरनं नेमकं ह्याच मापाचं चित्र पाठवलं की प्रत्येक ठिपक्याला त्याचा त्याचा ठिपका मिळतो आणि चित्र एकदम कोरल्यासारखं दिसते. पण कॉम्प्युटरनं १०२४×७६८ पाठवलं तर मॉनिटरला ते ताणून पूर्ण स्क्रीनवर बसवावं लागते, चित्रातला एक ठिपका आडवा पावणेदोन ठिपक्यांपेक्षाही थोडा जास्त रुंद होतो, उभा तेवढा ताणावा लागत नाही म्हणून माणसं जाडी दिसतात, आणि चौकटीच्या वहीत चौकटी सोडून मधूनच रेघा ओढल्यावर जसं होते तसं कुठलीच कड जागेवर बसत नाही. मग मॉनिटर शेजारशेजारच्या ठिपक्यांत रंग वाटून टाकतो, तोच आपल्याला धूसरपणा दिसतो.

मराठीत तर हे लगेच ओळखू येते. नोटपॅड उघडा आणि बारीक अक्षरात "महाराष्ट्र राष्ट्रीय संघटना" असं काहीतरी टाइप करा. शिरोरेखा एका जागी जाड, दुसऱ्या जागी फिकी, "ष्ट्र" नुसता गोळा, अनुस्वार रेषेला चिकटलेला, असं दिसलं की समजा ठिपक्याला ठिपका बसून नाही राहिला.

आता आकडा शोधायचा कसा, तर मॉनिटरच्या मागे स्टिकर असते त्यावर मॉडेल नंबर असतो, तो मोबाइलवर टाकून कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन पाहा, तिथे नेटिव्ह किंवा मॅक्झिमम रेझोल्यूशन लिहिलेलं असते. सेकंडहँड मालावर स्टिकर पुष्कळदा खरवडलेलं असते, तेव्हा टेप घेऊन काच तिरपी मोजा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, बाहेरची फ्रेम सोडून. आपल्याकडे जे मॉनिटर जास्त चालतात त्यांचे आकडे साधारण असे असतात:

- चौकोनी १५ इंची: १०२४×७६८
- चौकोनी १७ आणि १९ इंची, ऑफिसमधून निघालेले: १२८०×१०२४
- रुंद १८.५ इंची: १३६६×७६८
- रुंद १९ इंची, थोडे जुने: १४४०×९००
- १९.५ आणि २० इंची: बहुतेक १६००×९००
- जुने २२ इंची, जरा उंच वाटणारे: १६८०×१०५०
- २१.५ पासून २४ इंचीपर्यंतचे नवे: १९२०×१०८०
- २७ इंची: १९२०×१०८० किंवा २५६०×१४४०, इथे मात्र मॉडेल नंबर पाहणंच बरं

ही यादी अंदाजाची आहे, मॉडेल नंबर मिळाला तर त्यालाच खरं माना. आकडा कागदावर लिहून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आता पाहा, तो आकडा विंडोजच्या यादीत आहे का

डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग्ज उघडा, थोडं खाली गेलं की डिस्प्ले रेझोल्यूशन लिहिलेलं दिसते, त्याची यादी उघडा. इथून तीन रस्ते फुटतात. आकडा यादीत आहे पण दुसराच निवडलेला आहे, हा सोपा. आकडा यादीतच नाही, हा जरा लांबचा. आकडा बरोबर निवडलेला आहे तरी चित्र वाईटच दिसून राहिलं, हा तिसरा. तुमचा कोणता ते पाहून त्याच भागात जा, सगळं वाचून सगळं करत बसू नका.

आकडा यादीत आहे, निवडलेला नाही

निवडा. एका आकड्यासमोर रेकमेंडेड असं लिहिलेलं असते, बहुतेक तोच तुमच्या कागदावरचा असतो. क्लिक केलं की स्क्रीन क्षणभर काळी होते, घाबरायचं नाही, मग कीप चेंजेस असं विचारते. १५ सेकंदांत उत्तर नाही दिलं तर विंडोज आपोआप जुन्या मापावर जाते. म्हणून चुकीचा आकडा लागून स्क्रीन गेलीच तर हात बाजूला ठेवा आणि १५ सेकंद थांबा, कुठली बटणं दाबू नका, परत येते.

हे केलं आणि रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा बिघडलं तर दोन गोष्टी पाहा. एक, विंडोज की आणि पी सोबत दाबा. डुप्लिकेट निवडलेलं असेल तर दोन्ही स्क्रीनला चालेल असं एकच माप कॉम्प्युटर शोधतो आणि त्यात चांगल्या स्क्रीनचं नुकसान होते. कोचिंग क्लासमध्ये हा प्रकार फार आहे, प्रोजेक्टर असतो १०२४×७६८ किंवा १२८०×८०० चा, सरांचा लॅपटॉप १९२०×१०८० चा, डुप्लिकेट केलं की लॅपटॉपवरही सगळं फुगते आणि मग म्हणतात लॅपटॉप बिघडला. एक्सटेंड करा, दोन्ही आपापल्या मापात राहतात. दुसरं म्हणजे गेम. काही जुने फुलस्क्रीन गेम स्वतःचं माप लावतात आणि क्रॅश झाले की तसंच सोडून जातात, गेमच्या सेटिंगमध्ये नेटिव्ह आकडा लावून टाका.

एक गोष्ट मी पुष्कळ घरी पाहतो, घरातल्या मोठ्या माणसांना अक्षरं वाचता यावी म्हणून कोणीतरी मुद्दाम रेझोल्यूशन कमी करून ठेवलं असते. ही सवय जुन्या डब्यासारख्या सीआरटी मॉनिटरच्या काळातली, त्यांना अशी ठरलेली जाळी नसायची म्हणून ते चालून जायचं. आता तसं करू नका, आईबाबांच्या डोळ्यांना धूसर अक्षराचा जास्त त्रास होतो. रेझोल्यूशन नेटिव्हच ठेवा आणि त्याच पानावर स्केल म्हणून जे आहे ते १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षरं मोठी पण होतात आणि कोरीव पण राहतात.

आकडा यादीतच नाही

इथे दोनच संशयित आहेत, ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्सचा भाग नीट चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम, नाहीतर केबल. आधी ड्रायव्हर पाहा कारण त्याला पैसे लागत नाहीत.

विंडोज की आणि एक्स सोबत दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्स समोरचा बाण दाबा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव दिसलं तर ड्रायव्हर आहे. पण मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं दिसलं तर तिथेच घोडं अडलं समजा. हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर आहे, ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर मिळेपर्यंत स्क्रीनवर काहीतरी दिसावं एवढ्यासाठी, त्याच्या यादीत मापं फार कमी असतात आणि व्हिडिओ पण अडखळत चालतात. नवीन विंडोज टाकल्यावर हे पुष्कळदा होते, बिघाड नाही तो.

इलाज: इंटरनेट जोडा, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ऑप्शनल अपडेट्स, तिथे ड्रायव्हर अपडेट्समध्ये ग्राफिक्सचं काही दिसलं तर टिक करून टाकून घ्या आणि रीस्टार्ट करा. विंडोज १० मध्ये ऑप्शनल अपडेट्सची लिंक विंडोज अपडेटच्या पहिल्याच पानावर येते. पुष्कळदा इथेच काम होते. नाही झालं तर ब्रँडेड पीसी किंवा लॅपटॉप असेल तर त्या कंपनीच्या सपोर्ट साइटवर मॉडेल किंवा मागचा सर्व्हिस टॅग टाकून ड्रायव्हर घ्या, असेंबल्ड असेल तर इंटेल, एएमडी, एनव्हिडियाच्या स्वतःच्या साइटवरून. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणारी सॉफ्टवेअर असतात त्यांच्या नादी कृपा करून लागू नका, त्यातली बरीच नको त्या गोष्टी पण सोबत टाकून देतात आणि नंतर पैसे मागतात.

उलट प्रकारही होतो, काल चांगलं होतं आणि अपडेटनंतर बिघडलं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर. बटण फिकं असेल तर आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही, मग साइटवरूनच घ्यावा लागते. आणि पीसी फार जुना असेल, तर त्याच्या आतल्या ग्राफिक्ससाठी कंपनीनं विंडोज १० किंवा ११ चा ड्रायव्हर काढलेलाच नाही असंही असू शकते. अशा वेळी त्याच पीसीवर रात्र घालवण्यापेक्षा साधं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाकलेलं परवडते, फक्त त्या कार्डाचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजसाठी आहे का ते साइटवर पाहूनच घ्या.

ग्राफिक्स कार्ड आधीपासून लावलेलं असेल तर सीपीयूच्या मागे वाकून पाहा, केबल कुठे लागली आहे. वर यूएसबी आणि लॅनच्या शेजारी जे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. केबल कार्डाच्याच पोर्टला लावायची.

आता केबल. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमध्ये त्याची माहिती लिहिलेली असते, कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कोणकोणती मापं चालतात, त्यातलं नेटिव्ह कोणतं. ह्या माहितीला ईडीआयडी म्हणतात, मूळ माहिती फक्त १२८ बाइटची. कॉम्प्युटर मॉनिटर जोडला की आधी ती वाचतो आणि त्यावरूनच यादी बनवतो. आता गंमत अशी की व्हीजीए केबलीत, म्हणजे ती निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली, तिच्यात चित्र वेगळ्या तारांतून जाते आणि ही माहिती वेगळ्या तारांतून. चित्राच्या तारा चांगल्या आणि माहितीच्या तारा तुटलेल्या असं असेल तर मॉनिटर चालू दिसतो पण कॉम्प्युटरला तो कोण आहे हेच कळत नाही. मग तो बिचारा कुठल्याही मॉनिटरवर चालतील अशी लहान मापंच यादीत ठेवतो.

हे ओळखायचं कसं? डिव्हाइस मॅनेजरमध्येच मॉनिटर्स समोरचा बाण उघडा. जेनेरिक पीएनपी मॉनिटर किंवा मॉडेलचं नाव असेल तर माहिती वाचली गेली. जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर असेल तर नाही वाचली गेली. त्या एका "नॉन"नं तुमचा निम्मा शोध संपतो.

नंदनवनला ओळखीच्या एका घरी एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी आहे, तिच्या बाबांनी तिच्यासाठी २२ इंची सेकंडहँड मॉनिटर आणला, १६८०×१०५० चा. यादी १२८०×१०२४ वर येऊन थांबत होती, त्यामुळे पीडीएफ वाचताना तिचं डोकं दुखायचं. ड्रायव्हर इंटेलचा, बरोबर लागलेला. मॉनिटर्समध्ये नॉन-पीएनपी. पीसी आणि मॉनिटर दोन्ही स्विचवरून बंद केले, केबल काढली आणि मोबाइलचा टॉर्च मारून तिच्या टोकात पाहिलं. व्हीजीएच्या टोकात पाच-पाचच्या तीन ओळी असतात, १ ते ५, ६ ते १०, ११ ते १५. माहितीचं काम शेवटच्या ओळीतली १२ आणि १५ नंबरची पिन करते. तिच्या केबलीत शेवटच्या ओळीतली एक पिन आडवी होऊन पत्र्याला टेकली होती, कोणीतरी अंधारात जोर लावून घुसवली असणार. टिकटिक पेन्सिल असते ना शिसं भरायची, तिचं शिसं काढून टाकलं, टोकाची बारीक नळी त्या पिनेवर चढवली आणि हळूहळू सरळ केली, झटका दिला असता तर तुटली असती. केबल लावली, दोन्ही स्क्रू आवळले, चालू केलं, यादीत १६८०×१०५० रेकमेंडेड म्हणून आला. तिनं लगेच तीच पीडीएफ उघडली अन् म्हणाली, "काका, हे तर वेगळंच पुस्तक वाटून राहिलं."

तुम्ही पाहाल तेव्हा एक लक्षात ठेवा, मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुद्दामच नसते. ती नाही म्हणून केबल फेकू नका. आणि चित्र पिवळं किंवा गुलाबी दिसत असेल, एखादा रंगच गायब असेल, तर ते पण ह्याच केबलीचं दुखणं, आधी स्क्रू आवळून पाहा.

पिना सरळ असून पण नॉन-पीएनपीच येत असेल तर शेजाऱ्याची, मित्राची दुसरी केबल लावून पाहा. शक्य असेल तर व्हीजीए सोडून एचडीएमआय, डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट वापरा, दोन्हीकडे ते पोर्ट असेल तर व्हीजीए वापरण्यात काहीच अर्थ नाही. मध्ये स्प्लिटर लावलेला असेल, एका पीसीवर दोन मॉनिटर चालवणारा, तर तो काढून थेट जोडा, स्वस्त स्प्लिटर ही माहिती नीट पुढे पाठवत नाहीत.

एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर तर वेगळाच विषय. नव्या लॅपटॉपला व्हीजीए नाही आणि घरचा मॉनिटर जुना, म्हणून लोक ते छोटं काळं-पांढरं कन्व्हर्टर घेतात. त्याच्या आत चिप असते आणि तिला करंट लागतो, तो एचडीएमआय पोर्टातूनच ती घेते, काही पोर्टांतून पुरेसा मिळत नाही मग चित्र येते-जाते किंवा मापं गायब होतात. ज्या कन्व्हर्टरला बाजूला मायक्रो यूएसबीचं तोंड असते ते घ्या आणि तिथे चार्जरची वायर लावा. शिवाय काही कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती पुढे न पाठवता स्वतःचीच पाठवतात, मग १२८०×१०२४ च्या चौकोनी मॉनिटरलाही विंडोज १९२०×१०८० रेकमेंडेड म्हणते. इथे विंडोजचं ऐकू नका, कागदावरचा आकडा लावा.

हे सगळं करून आकडा आलाच नाही तर शेवटचा उपाय: डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, त्यात डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज, तिथे लिस्ट ऑल मोड्स दाबून पूर्ण यादी पाहा. त्याच खिडकीत मॉनिटर टॅबवर हाइड मोड्स दॅट धिस मॉनिटर कॅनॉट डिस्प्ले असं लिहिलेली टिक असते, ती काढता येत असेल तर काढून पुन्हा पाहा. इंटेल, एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये कस्टम रेझोल्यूशन पण बनवता येते. पण आपला नेटिव्ह आकडा आणि ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० वेळा नवं चित्र), एवढंच टाका. त्यापेक्षा मोठा आकडा टाकून चित्र जास्त चांगलं होत नाही, जाळी तेवढीच आहे.

जुन्या १३६६×७६८ च्या मॉनिटरवर यादीत १३६०×७६८ एवढंच दिसलं तर त्यात बिघाड शोधू नका. १३६६ ला ८ नं भाग जात नाही, १३६० ला जातो, आणि पुष्कळ जुने ड्रायव्हर ८ च्या पटीतलीच रुंदी देतात. सहा ठिपक्यांचा फरक आहे, चालवून घ्या.

आकडा बरोबर, तरी चित्र वाईट

आधी मॉनिटरच्याच बटणानं त्याचा मेनू उघडा आणि इन्फॉर्मेशन पाहा. आत्ता किती मापाचा सिग्नल येऊन राहिला ते तिथे लिहिलेलं असते, आणि ते विंडोजच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर मध्ये कोणीतरी माप बदलून राहिलं आहे, कन्व्हर्टर किंवा ग्राफिक्सचा प्रोग्राम.

व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलेलं असेल किंवा अक्षरं थरथरत असतील तर पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा, रिकामं नोटपॅड चालते, आणि मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा. काळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला कडा कुठे आहेत तेच सापडत नाही.

आकार चपटा वाटत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पेंटमध्ये शिफ्ट दाबून गोल काढा आणि पट्टीनं आडवा-उभा मोजा. दोन्ही सारखे नसतील आणि आकडा बरोबर असेल तर मॉनिटरच्या मेनूत आस्पेक्ट किंवा इमेज कंट्रोलमध्ये कोणीतरी ४:३ नाहीतर वाइड करून ठेवलं आहे.

टीव्हीला मॉनिटर म्हणून वापरणारे खूप झालेत, तिथे वेगळे दोन त्रास. पहिला, टास्कबार अर्धा कापलेला, कडा बाहेर. ह्याला ओव्हरस्कॅन म्हणतात, टीव्ही चित्र मुद्दाम थोडं मोठं करून दाखवतो. रेझोल्यूशन बदलून हे जात नाही, टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जा, तिथे कंपनीप्रमाणे जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल असं काहीतरी नाव असते ते निवडा. काही टीव्हीत एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून पीसी केलं की अक्षरंही एकदम स्वच्छ होतात. दुसरा, ३२ इंची एचडी रेडी टीव्ही. त्यांची जाळी बहुतेक १३६६×७६८ ची असते, पण एचडीएमआयवर ते १९२०×१०८० पण घेतात, म्हणून विंडोज तोच आकडा रेकमेंडेड दाखवते आणि अक्षरं मऊ, पुसल्यासारखी दिसतात. यादीत १३६६×७६८ किंवा १३६०×७६८ असेल तर तो लावून पाहा. नसेल तर तो टीव्ही सिनेमासाठी ठेवा, रोज आठ तास वाचायला त्याच्यासमोर बसू नका.

मिहानला नोकरी करणारे, घरी लॅपटॉपला मोठा मॉनिटर लावणारे, तुमच्यासाठी थोडक्यात: ४के मॉनिटर (३८४०×२१६० चा) जुन्या एचडीएमआय १.४ वर ३० हर्ट्झच्या वर जात नाही, माउस घसरत चालल्यासारखा वाटते. ६० हर्ट्झसाठी लॅपटॉप, हब आणि केबल तिन्हींना ४के ६० हर्ट्झ झेपलं पाहिजे, एचडीएमआय असेल तर ते २.० किंवा त्यापुढचं पाहिजे, नाहीतर डिस्प्लेपोर्ट वापरा. स्वस्त यूएसबी-सी हबवर बारीक अक्षरात "४के ३० हर्ट्झ" लिहिलेलं असते, ते वाचून घ्या.

स्क्रीनच काळी, आउट ऑफ रेंज लिहून आलं

इनपुट नॉट सपोर्टेड किंवा आउट ऑफ रेंज येऊन राहिलं म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, आलेलं माप किंवा हर्ट्झ त्याला झेपत नाही एवढंच. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं सोबत दाबून पाहा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, एक बीप पण वाजू शकते. नाही आलं तर केबल काढून घरातल्या टीव्हीला लावा, तिथे चित्र आलं की सेटिंगमध्ये लहान माप आणि ६० हर्ट्झ करून परत मॉनिटरला जोडा. टीव्हीवरच चित्र दिसत असताना दुसरा रस्ता पण आहे, शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ३ दाबा, लो-रेझोल्यूशन व्हिडिओ. लॅपटॉपवर हे करताना बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) की मागू शकते, ती बहुतेक मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, आधीच काढून ठेवा.

आपल्या हवेबद्दल, आणि सेकंडहँड घेताना

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी कूलर, आणि पीसीचं टेबल नेमकं कूलरच्या तोंडासमोर, कारण तिथेच बसवते. ती ओलसर हवा दिवसभर सीपीयूच्या मागून खेळत राहिली की पोर्टांवर हिरवट-पांढरा थर धरायला लागतो आणि कॉन्टॅक्ट खराब होतात. टेबल बाजूला घ्या. थर धरलाच असेल तर वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा.

आणि खरंच दुसरा मॉनिटर घ्यायचा ठरला, बर्डीवरून किंवा ऑफिसच्या लिलावातून, तर दुकानदाराच्या पीसीवर पाहून समाधान मानू नका. आपला लॅपटॉप आणि आपली केबल सोबत न्या, "भाऊ, पाच मिनिटं लावून पाहतो" म्हणा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. लावा, यादीत नेटिव्ह आकडा येतो का पाहा, मॉनिटरच्या मेनूत तोच आकडा दिसतो का पाहा, नोटपॅडमध्ये चार ओळी मराठी टाइप करून शिरोरेखा पाहा. चांगल्या केबलीनं, दुसऱ्या पीसीवर पण नॉन-पीएनपीच आलं तर त्या मॉनिटरची माहितीची चिपच गेलेली असू शकते, चित्र कितीही छान असलं तरी तो सोडून द्या किंवा भाव अर्धा करून घ्या. बिलावर नुसतं "२२ इंची मॉनिटर" लिहून देतात, त्याच्यापुढे मॉडेल नंबर आणि रेझोल्यूशन पण लिहून मागा.